दोष चारचौघांत लावला गेला, म्हणून आभारही चारचौघांत: जालन्याच्या पंपमिस्त्री चाचांना पत्र

आदरणीय चाचा,
सादर नमस्कार.

तुमचे दुकान आमच्या वॉशिंग सेंटरपासून फार लांब नाही आणि हे पत्र मी स्वतः तुमच्या हातात देऊ शकलो असतो. तरीही ते सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे, त्याला कारण आहे. आमच्याकडे गाड्या धुणाऱ्या मुलावर जो आरोप झाला, तो गिऱ्हाइकांसमोर आणि शेजारच्या दुकानदारांसमोर झाला. तो आरोप तुम्ही खोटा ठरवलात, पण त्या वेळी तिथे कोणी नव्हते. ज्यांनी आरोप ऐकला, त्यांनी पुढची हकिकतही ऐकली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अंबड रस्त्यावरच्या आमच्या सेंटरवर लोखंडी सळया वाहणाऱ्या ट्रकांपासून मोसंबीच्या बागांतून आलेल्या ट्रॅक्टरांपर्यंत सर्व प्रकारची वाहने धुवायला येतात, आणि दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे आमचा खरा हंगाम असतो, कारण खंडेनवमीला पूजेसाठी प्रत्येकाला आपले वाहन स्वच्छ हवे असते. त्या हंगामाच्या तोंडावर आम्ही नवे व्यावसायिक प्रेशर वॉशर, म्हणजे हातातल्या गनमधून जोराने पाणी मारणारे यंत्र घेतले. तीन प्लंजरचा, म्हणजे तीन दट्ट्यांचा पंप, ५ एचपीची थ्री फेज मोटार, पाटीवर १४० बार दाब आणि मिनिटाला १३ लिटर पाणी असे लिहिलेले ते यंत्र सकाळी उत्तम चाले. दुपार होऊ लागली की दाब ढासळे. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १४० वरून घसरत सत्तरच्या खाली येई आणि तिथेही स्थिर न राहता थरथरत राही. ट्रकच्या चाकाआडचा चिखल, जो सकाळी एका फटक्यात निघे, तो दुपारी नुसता ओला होई.

विक्रेत्याकडची माणसे आली, नाही असे नाही. त्यांनी आधी व्होल्टेजला दोष दिला, मग आमच्या बोअरच्या जड पाण्याला, आणि दोन्ही कारणे टिकेनात तेव्हा सगळे खापर पोराच्या डोक्यावर फोडले. "याला गन धरता येत नाही, हाच मशीन बिघडवतोय," असे त्यांच्यातला एक जण मोठ्या आवाजात म्हणाला. मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला, विशी नुकतीच ओलांडलेला हा मुलगा त्या दिवशी जेवला नाही, आणि संध्याकाळी मला म्हणाला की दसरा झाला की मी गावाकडे जातो. यंत्र नवे, वॉरंटी चालू, पैसे रोख मोजलेले. असे असताना विकणाऱ्याने हात झटकावेत आणि जाता जाता एका गरिबाची अब्रूही घ्यावी, याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. दुसऱ्या एका मेकॅनिकने तर पंप न पाहताच सील किट, म्हणजे पंपातली गळती रोखणाऱ्या सीलांचा संच, बदलण्याचा खर्च सांगितला.

तेव्हा कोणीतरी तुमचे नाव सुचवले. बागांत औषध फवारणाऱ्या, अशाच तीन दट्ट्यांच्या एचटीपी पंपांवर ज्यांचे आयुष्य गेले, घनसावंगी आणि अंबडकडच्या मोसंबीवाल्यांचे पंप ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांना हे यंत्र परके नाही, असे तो म्हणाला. तुम्ही आलात आणि मी तुम्हाला सगळी कहाणी सांगू लागलो. तुम्ही ती शांतपणे ऐकून घेतलीत, चष्म्यावर उडालेले तुषार रुमालाने पुसलेत आणि मला काहीही न विचारता मुलाकडे वळून म्हणालात, "बेटा, गन तुझ्या हातात असते. तुला काय जाणवतं ते सांग."

मुलाने आधी माझ्याकडे पाहिले. त्यावर तुम्ही म्हणालात, "मालकाकडं बघू नको, मशीनकडं बघ आन सांग." आणि मग तुम्ही गप्प राहिलात. चाचा, मला सर्वांत जास्त मोलाचे वाटते ते हेच, तुमचे ते गप्प राहणे. मुलगा अडखळत होता, वाक्य अर्धे सोडत होता, पण तुम्ही त्याच्या तोंडचा शब्द घेतला नाहीत, घाई केली नाहीत, घड्याळ पाहिले नाहीत. आमच्या सेंटरवर जे जे कोणी ते यंत्र पाहायला आले होते, त्यांतल्या एकानेही त्याला प्रश्न विचारला नव्हता. जो माणूस दिवसभर त्या यंत्राचा हादरा मनगटात झेलतो, त्याला सोडून सर्वांचे म्हणणे ऐकले गेले होते.

आणि त्यानेच उत्तर दिले. हौद भरलेला असला की गन एकसारखी चालते, हौद खाली गेला की ती हातात धडधडू लागते आणि पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो, एवढेच तो म्हणाला. वेळेशी याचा संबंध नाही, कारण एकदा दुपारी टँकर येऊन हौद भरला तेव्हा यंत्र पुन्हा नीट चालले होते, हेही त्याने सांगितले. तुमचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "झालं, निम्मं काम यानं केलं," असे तुम्ही म्हणालात, आणि ते त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात.

पुढचे काम तुम्ही पंपाचा एकही बोल्ट न उघडता केलेत. गनच्या टोकाचे नोझल काढून तिचे पाणी बादलीत घेतले आणि मोबाइलवर वेळ लावली, तर १३ लिटरच्या जागी मिनिटाला जेमतेम ९ लिटर भरले. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो नोझलच्या बारीक भोकापाशी, हे तुम्ही आम्हा दोघांना समजावून सांगितलेत. भोक तेच राहिले आणि पाणी कमी झाले, तर दाब पाण्याच्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे पाणी निम्मे झाले तर दाब पाव होतो. म्हणून पाणी १३ वरून ९ वर आले की दाब १४० वरून ६७ च्या आसपास येतो. आमचा काटा तिथेच तर थरथरत होता. इतके दिवस जे गूढ वाटत होते, ते चार ओळींच्या हिशेबात बसले.

मग तुम्ही हौदापासून पंपापर्यंतच्या, पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपवर हात फिरवत गेलात आणि विक्रेत्याच्या फिटरने बसवलेल्या एका जोडावर ओले फडके घट्ट गुंडाळलेत. काटा चढला आणि थरथर कमी झाली. तो जोड हौदातल्या पाण्याच्या वर होता, त्यामुळे तिथून बाहेर एक थेंबही गळत नव्हता. यंत्र चालू असताना तिथून उलट हवा आत ओढली जात होती, आणि हौदाची पातळी जितकी खाली जाई तितकी ती जास्त ओढली जाई. शहाळ्याची नळी चिरलेली असली की पाण्यापेक्षा हवाच जास्त तोंडात येते, तसे हे आहे, असे तुम्ही म्हणालात, आणि मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

ज्यांनी आम्हाला सील किट बदलायला सांगितले होते, त्यांचे ऐकले असते तर नवे किटही त्याच हवेने खाल्ले असते. विक्रेत्याच्या माणसाने दाब वाढावा म्हणून दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरचा नट जवळजवळ शेवटपर्यंत आवळून ठेवला होता, तोही तुम्ही मूळ जागी आणलात. गन बंद केल्यावर पाणी ज्या वाटेने परत फिरते ती वाटच आवळून टाकली, तर ताण पंपावर आणि गनच्या नळीवर, म्हणजे होजवर येतो, आणि होज फुटली तर इजा गन धरणाऱ्याला होते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या मुलाला ते दोष देत होते, त्यालाच त्यांनी धोक्यात घातले होते.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. सक्शनला आत तार असलेली जाड नळी आली, जोड नवा झाला, आणि तुमच्या सांगण्यावरून ओट्यावर एक टाकी ठेवून हौदातले पाणी आधी तिच्यात चढवले, म्हणजे आता पंपाला पाणी ओढावे लागत नाही, ते आपोआप त्याच्यापर्यंत येते. आपली मजुरी तुम्ही ठरल्याप्रमाणे घेतलीत, एक रुपया जास्त नाही.

आणखी एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पाणी ही साधी गोष्ट नाही. शहराला जायकवाडीवरून पाणी आणावे लागते आणि पावसाने ओढ दिली की खेड्यांत टँकरची वाट पाहावी लागते. दाब पडलेल्या यंत्राने ट्रक धुवायला दुप्पट वेळ लागत होता, आणि त्यात किती पाणी वाया जात होते याची चिंता विक्रेत्याकडच्या कोणालाही नव्हती. तुम्ही मात्र बादलीत मोजून घेतलेले पाणीसुद्धा जाताना परत हौदात ओतलेत. आपल्या मराठवाड्यात अशी कामाची आणि मनाची दोन्ही बाजूंनी स्वच्छ माणसे आहेत, गॅरेजांत आहेत, पिठाच्या गिरण्यांवर आहेत, मोटार रिवाइंडिंगच्या अंधाऱ्या गाळ्यांत आहेत. त्यांच्याकडे टाय नसतो, छापील कार्ड नसते, आणि गिऱ्हाइकाला गप्प करायची त्यांना गरज पडत नाही. मोठ्या दुकानांनी आपली माणसे अशांच्या हाताखाली महिनाभर तरी बसवावीत, असे मी गांभीर्याने म्हणतो.

मुलगा गावाकडे गेला नाही. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत सेंटरवर जी रांग लागली, ती त्याने एकट्याने सांभाळली, आणि काटा सबंध दिवस हलला नाही. पहिल्या ५० तासांनंतर पंपाचे तेल बदलायचे, हे तुमचे सांगणे त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे आणि तासांची नोंद तो स्वतः ठेवतो. ते तेल तो आपल्या हाताने बदलणार आहे. त्या दिवशी सवड काढून तुम्ही यावे आणि तो काय करतो ते शेजारी बसून पाहावे, एवढी त्याची आणि माझी विनंती आहे. निरोप घेऊन तोच तुमच्या दुकानावर येईल.

आपला कृतज्ञ,
वॉशिंग सेंटर चालक,
अंबड रस्ता, जालना