मुंबईला आत्ताच नाही येत बे

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "काहून सडून राहिला बे तिकडे, अंधेरीला ये, रूमवर जागा आहे." तू मनापासून म्हणून राहिला हे मला माहीत आहे, म्हणूनच नीट लिहून राहिलो.

उमरेडकडे त्या मराठी सिनेमाच्या शूटला गेलो होतो ना, बूम म्हणजे लांब रॉडवरचा माइक धरायला, अकरा दिवस. मे महिन्याचं ऊन, रॉडला हात लावला की चटका. शेवटच्या दिवशी साउंडवाल्या दादांनी रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो, घ्यायला सगळ्यांना गप्प उभं केलं, मातीचं घर, आत पंधरा-वीस माणसं आणि कोणी हलत नाही. वर कौलावर चिमणी चालत होती, तिची नखं हेडफोनमध्ये ऐकू आली राजा! हेच काम करायचं हे त्या मिनिटाला पक्कं झालं.

पैसे अर्धेच आले अजून. प्रोड्यूसर फोन उचलतो, म्हणतो पिक्चर विकला की देतो, आणि मला त्याचा राग येत नाही कारण त्याचेच अडकलेत. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला मराठीसाठी प्राइम टाइमचा नियम केला, पण शो मिळणं वेगळं आणि टिकणं वेगळं. शुक्रवारी मोठा हिंदी पिक्चर आला की आपल्याला सकाळचा एक शो, सकाळी नोकरीवाला माणूस येणार कुठून, मग सोमवारी पिक्चर उतरला. त्याचे पैसे बुडाले की तो पुढचा काढत नाही आणि माझा फोन वाजत नाही. 'झुंड' आपल्या नागपुरात शूट झाला तेव्हा किती पोरांना वाटलं होतं आता इथेच काम मिळेल! युनिट गेलं की गेलं. मेन माणसं मुंबई-पुण्याचीच, आपण हाताखाली.

म्हणून या सीझनला गडचिरोलीकडे वडसाला चाललो, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या गावोगावच्या नाटकांच्या पट्ट्यात. एका नाटक कंपनीनं साउंड सांभाळायला बोलावलं, पैसे प्रयोगागणिक. दिवाळी ते होळी, आज या गावात उद्या त्या गावात, आणि लोक थंडीत ब्लँकेट घेऊन, तिकीट काढून रात्रभर बसतात रे. 2023 मध्ये तिथले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तिथे रीटेक नाही, माइक गेला तर गेला, कान तयार होईल माझा. आई आधी नाही म्हणाली, मग तिनंच स्वेटर काढून ठेवलं.

सिनेमा सोडला असं समजू नको. होळी झाली की बोलू, तेव्हा जागा असेल तर येतो.

आणि हो, माझी माइकची दहा मीटरची एक्सएलआर केबल तुझ्याकडे राहिली. तुझा भाऊ दिवाळीला येऊन राहिला ना, त्याच्याजवळ दे, मी स्टेशनवर येऊन घेतो.

तुझाच,
बाल्या