किडनीच्या तक्त्यात कुरडई कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पुन्हा एकदा नाचणी-बाजरीचं कौतुक वाचलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून हे चालूच आहे. धडधाकट माणसाने जरूर खावं. पण आमच्या घरी यांची किडनी थकलेली, रक्तात क्रिॲटिनिन वाढलेलं, पोटॅशियमही चढं. डॉक्टरांनी बाजरी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कमी करून भात वाढवायला सांगितला. आता येणारा-जाणारा पुरवणी पुढे करून मलाच शिकवतो, "भात कसला देता, भाकरी द्या!" पांढऱ्या तांदळात पोटॅशियम, फॉस्फरस कमी, कोंड्यासकटच्या धान्यात आणि उडदात जास्त. एवढी एक ओळ त्या लेखाखाली मावली नसती का?

रुग्णालयातून मिळालेला छापील तक्ता तर आणखीच वेगळा. त्यात 'नूडल्स, पास्ता चालेल'. चाळीसगावात नूडल्स म्हटलं की घरात येतं ते झटपट नूडल्सचं पाकीट. मीठ सगळ्यात जास्त त्यातल्या मसाल्याच्या पुडीत आणि थोडं वडीतही. बीपीच्या माणसाने ते बघायला नको? तक्त्यात त्याबद्दल अक्षर नाही.

आणि कुरडईचं नावच नाही! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा काढायचा, चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. चोथ्याबरोबर कोंडा आणि बरंचसं प्रथिन जातं, उरतं ते मुख्यतः पिष्ट. मुलीने शोधून सांगितलं, इटलीत जोव्हानेत्ती नावाच्या डॉक्टरांनी १९६४ साली किडनीच्या रुग्णांसाठी कमी प्रथिनांचा आहार मांडला आणि तिथे अशा रुग्णांसाठी पिष्टाचा खास पास्ता विकत मिळतो. आपल्याकडे तो दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत असतो. अडचण मिठाचीच, म्हणून यंदा यांच्यापुरता चीक बिनमिठाचा शिजवला. तळायची नाही, गरम पाण्यात भिजवून, निथळून, कांद्याच्या फोडणीत भाजी करायची, वरून लिंबू. यांना साखर नाही म्हणून डॉक्टरांनी वाटीभर चालेल म्हटलं. मधुमेह असलेल्यांनी विचारूनच खावी.

उपवासाचंही तसंच. साबुदाणा बिचारा निव्वळ पिष्ट, घात करतात ते दाण्याचा कूट आणि बटाटा. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकलं तर पोटॅशियम बरंच उतरतं. कुटाला असा काही इलाज नाही. आणि हो, 'लो सोडियम' मीठ घेऊ नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं.

विनंती एवढीच, की एखाद्या आहारतज्ज्ञांकडून शेवया, कुरडई, भगर, साबुदाणा, पोहे, कळणा यांचा तक्ता करून पुरवणीत छापावा. डायलिसिसवर असलेल्यांचा रकाना मात्र वेगळा ठेवावा, त्यांना प्रथिनं जास्त लागतात. आणि अक्षर जरा मोठं असू द्या, आमच्याकडे तो फ्रिजवर चिकटवायचा आहे.

आपली,
एक वाचक, चाळीसगाव