आधी बिघाड शोधा, मग रॅम विका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लॅपटॉप स्लो झाला की रॅम (चालू कामाची मेमरी) वाढवा, एसएसडी (वेगवान डिस्क) टाका आणि तरी नाही जमलं तर नवा घ्या, असा सल्ला तुमच्या पुरवणीत अधूनमधून येतो, आणि आमच्या इंदुरात आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये शिरलं की "भिया, रॅम बढ़वा लो" हेच ऐकू येतं. साध्या घरगुती लॅपटॉपला एकवेळ चालून जाईल हो, पण वर्कस्टेशन म्हणतात ती जाडजूड मशीनं असतात ना, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग असल्या कामांची, त्यांच्या बाबतीत या सल्ल्यापायी लोकांचे चांगले पैसे पाण्यात जाताना बघतोय म्हणून लिहितोय. मी सिव्हिलवाला, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, पण ऑफिसातली मशीनं वर्षानुवर्षं मीच उघडतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मोठ्या ऑफिसांनी जुनी मशीनं काढायला घेतली, ती रिफर्बिश्ड, म्हणजे जुनीच दुरुस्त करून, बाजारात येतात आणि आर्किटेक्चर-सिव्हिलची पोरं घेतात. घ्यावीतच, नवं वर्कस्टेशन मध्यमवर्गीय घराला झेपतंय कुठे! फक्त प्रोसेसरचा नंबर बघून घ्या. इंटेलचा आय७ आठव्या जनरेशनचा असेल, म्हणजे ८७५०, ८८५० वगैरे, तर विंडोज ११ रीतसर चालतं, सहाव्या-सातव्या जनरेशनचे एखाददुसरा अपवाद सोडला तर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाहीत. दुकानदार "चला देंगे" म्हणतो, आणि चालवून देतोही, पण पुढचे अपडेट येतीलच याची जबाबदारी कुणाची ते विचारलं की गप्प.

आता मुद्द्याचं. माझ्या भाच्याकडे असंच एक मशीन आहे, सहा कोअरचा आय७, सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. एकदम ढिम्म झालं, रेंडर (मॉडेलचं पक्कं चित्र काढायला) लावलं की माउससुद्धा हलेना. एका दुकानानं न उघडताच सांगितलं की रॅम चौसष्ट करा आणि नवी एसएसडी टाका. आणि रॅमचा भाव आज काय झालाय! एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळी मेमरी वळली, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाचा म्हणाला, मामा, एकदा तुम्ही बघा. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये गेलो, तर रॅम निम्मीसुद्धा भरलेली नव्हती आणि प्रोसेसरचा स्पीड ०.८ गीगाहर्ट्झच्या आसपास चिकटून बसलेला, जो प्रोसेसर चारच्या वर जायला हवा तो. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लावलं तर स्पीड वर गेला. म्हणजे दोष चार्जरमध्ये.

हे कळायला जरा आत शिरावं लागतं. काही कंपन्यांच्या मोठ्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते, ती लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॅटचा आहे. ती वाकली, तुटली किंवा चार्जर लोकल असला की लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही, मग तो बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खालच्या स्पीडवर बांधून ठेवतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, गेलं की अडॅप्टरसमोर वॅट दिसतात किंवा सरळ 'अननोन' लिहून येतं. अशा मशीनना १८०, कधी २४० वॅटचा चार्जर लागतो आणि पोरं ६५ वॅटचा टाइप-सी खुपसून रेंडर लावतात, तेव्हाही थोडंफार हेच होतं. चार्जर बदलला आणि मशीन पळायला लागलं, रॅमची एक काडी बदलावी लागली नाही. दुकानदाराला हे माहीत नव्हतं की माहीत असून रॅम विकायची होती, देव जाणे.

दुसरं कारण उष्णता, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, त्यात मेट्रोच्या खोदकामाची धूळ. स्वच्छतेत नंबर एक शहर असलं तरी पंख्याच्या जाळीत नमद्यासारखा थर बसतोच. बहुतेक इंटेल प्रोसेसर शंभर डिग्रीला पोचले की स्वतःच स्पीड पाडतात. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'येस' आलं की तापून स्पीड पडतोय असं समजायचं. साफ करायला लावा, पण समोर उभं राहून, कारण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरावं लागतं, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं, आणि हे कुणी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलताना हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे असतात, त्याच क्रमानं थोडं थोडं आवळायचं. ग्राफिक्सच्या मेमरीवर जे मऊ पॅड असतात त्यांची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे लावायचे, पेस्ट फासून भागत नाही.

रॅम कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाहीये. मोठं मॉडेल उघडल्यावर ती काठोकाठ भरत असेल तर खुशाल वाढवा, सोळाची एकच काडी असेल तर दुसरी लावून ड्युअल चॅनल (दोन्ही काड्या एकदम कामाला) कराच. पण चार स्लॉट असलेल्या पुष्कळ मशीनमध्ये दोन मागच्या झाकणाखाली आणि दोन कीबोर्डखाली असतात, ते दुकानदाराला ठाऊक आहे का बघा. वेगवेगळ्या स्पीडच्या काड्या मिसळल्या तर सगळ्या हळू काडीच्या चालीनं चालतात. आणि नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही वेळ काळीच राहू शकते, मशीन मेमरी तपासत असतं, घाबरून लगेच बटण दाबू नका.

एसएसडीचं म्हणाल तर एम.२ च्या (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीच्या) दोन जाती दिसायला सारख्याच, साटावाली साधारण ५५० एमबी सेकंदाला, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये साडेतीन हजारपर्यंत. त्या स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची महाग एसएसडी लावून फायदा शून्य, आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचं सोडून तीच गळ्यात मारतात. बायोसशी खेळण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. बायोसमध्ये स्टोरेजचं सेटिंग रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI), म्हणजे डिस्क जोडायच्या एका पद्धतीवरून दुसरीवर, टाकलं की विंडोज निळ्या स्क्रीनवर जाऊन बसतं आणि मग "हार्ड डिस्क गई" म्हणून बिल फाडलं जातं, खरं तर सेटिंग परत पूर्वीसारखं केलं की बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. टचपॅड वर आलेला दिसला तर मात्र मशीन लगेच बंद, बॅटरी फुगलीय, ती टोचायची-दाबायची नाही, आणि कचरागाडीत ओल्या-सुक्यात तर अजिबात नाही टाकायची.

आता मागणी. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, दुरुस्ती किती सोपी याचा इंडेक्स आणायचं चाललंय पण त्यात आधी मोबाइल आणि टॅबलेट. लॅपटॉप आधी हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दहा वर्षं चालू शकेल अशी वस्तू तीच आहे, आणि आता बऱ्याच नव्या मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर करून येते म्हणजे वाढवायचा प्रश्नच मिटला. तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा. तोवर पुरवणीत एवढं तरी छापा की दुकानातून रॅम-एसएसडीचं बिल घेण्याआधी लोडवर असतानाचं तापमान, प्रोसेसरचा स्पीड, डिस्कची हेल्थ आणि चार्जरचे वॅट कागदावर लिहून मागावेत. लिहून देणारं दुकान असेल तर दोनशे-तीनशे तपासणीचे आनंदानं द्यावेत. नकार दिला तर लॅपटॉप उचलावा आणि पुढच्या दुकानात जावं, सिल्वर मॉलमध्ये दुकानांची कमी नाही. आणि न बदललेल्या पार्टचे पैसे लावले असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आपला,
एक वाचक
सुदामा नगर, इंदूर