सर ‘काढा की’ म्हणाले होते

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू चिडलास ते बरोबरच होतं. दोन महिने मी ‘पाठवतो, पाठवतो’ करतोय आणि व्हिडिओ काही येत नाही. ‘पूलच्या शिकवणीचे चार तास पाठवायला तुझ्या बापाचं काय जातं?’ असंही म्हणालास. माझ्या बापाचं काही जात नाही रे. ज्याचं जातं त्याच्याबद्दल फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी आमचे सर. वय साठीच्या पुढे. अठराव्या वर्षी एका क्लबात मार्कर म्हणून लागले. तू पूल टोरांटोला गेल्यावर शिकलास, त्यामुळे मार्कर ही जमात तुला ठाऊक नसेल. नावाप्रमाणे काम गुण मांडायचं. पण टेबलाला ब्रश मारणं, कापडावर इस्त्री फिरवणं, चेंडू पुसणं आणि एखादे मेंबर एकटेच आले तर त्यांच्याशी खेळणं, हेही त्याच्याकडेच. म्हणजे क्लबात सगळ्यात जास्त खेळणारा माणूस तो, आणि बोर्डावर नावं मात्र मेंबरांची. सर स्नूकरमध्ये वाढले, पूल नंतर उचललं. त्यामुळे चेंडूच्या मागच्या फिरकीला तुम्ही ‘ड्रॉ’ म्हणता तर ते ‘स्क्रू’, आणि बाजूच्या फिरकीला तुमचं ‘इंग्लिश’ म्हणजे त्यांची साधी ‘साईड’. तुझा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा म्हणाले, ‘चेंडूला पण इंग्लिश यायला लागलं का आता?’

मी त्यांना ‘सर’ म्हणतो आणि ते मला ‘साहेब’ म्हणतात. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पहिल्या महिन्यात माझा क्यू, म्हणजे मारायची काठी, सरळ जात नव्हता. सर म्हणायचे, मारताना कोपर बाहेर जातंय आणि डोकं उचलताय. मला पटायचं नाही. शेवटी मी मोबाइलचा स्टँड आणला आणि विचारलं, ‘सर, व्हिडिओ काढू का?’ ते म्हणाले, ‘काढा की, साहेब.’ झालं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, क्यूच्या बरोबर रेषेत मोबाइल लावला आणि घरी येऊन पाहिलं तर माझं कोपर कोंबडीच्या पंखासारखं उडत होतं. डोक्याचं तर विचारूच नकोस. तू काढशील तेव्हा असाच समोरून काढ. बाजूने काढलेल्यात क्यू चेंडूनंतर किती पुढे जातो ते दिसतं, पण कोपराचं पाप लपतं.

तेव्हापासून प्रत्येक तास रेकॉर्ड करायला लागलो. त्यातला एक चाळीस मिनिटांचा तास फारच चांगला झाला होता. स्टनचा. लाल चेंडूवर जाड मारा की बारीक, पांढरा आदळताना नुसता घसरत असेल, त्याला पुढची किंवा मागची फिरकी नसेल, तर तो आदळल्यावर लालच्या वाटेशी काटकोनात निघतो. हे पुस्तकातही सापडतं. पण सरांनी पांढरा चेंडू आधी हातभर अंतरावर ठेवला, मग टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही वेळा मला एकाच जागी मारायला लावलं. जवळून मारल्यावर पांढरा काटकोनात गेला. लांबून मारल्यावर पुढे वाकला. का? तर कापडाच्या घर्षणाने चेंडू जाता जाता लोळायला लागतो. म्हणून लांबच्या स्टनला मध्याच्या खाली मारायचं, म्हणजे उलटी फिरकी वाटेत झिजून पोचेपर्यंत शून्य होते. ‘पगारासारखं आहे,’ सर म्हणाले. ‘एक तारखेला जास्त घेऊन निघालं, तरच तीस तारखेला शून्यावर येतो.’ आणि पांढरा लोळतच पोचला आणि अर्धा चेंडू झाकून लागला, तर साधारण तीस अंशांत वळतो; पहिलं आणि मधलं बोट ताणून धरलं की मधे जेवढा कोन होतो तेवढा. त्या दिवशी मला हा खेळ पहिल्यांदा कळला.

म्हणून तो तास मी यूट्यूबवर चढवला. सगळ्यांसाठी नाही, ‘अनलिस्टेड’. लिंक असेल त्यालाच दिसेल असा. मला वाटलं, हे म्हणजे दार लोटून घेतल्यासारखं झालं. लिंक दोघांना दिली. दोघांपैकी एकाने ती आणखी एका ग्रुपवर टाकली, वाईट हेतूने नाही, कौतुकानेच. तीन आठवड्यांनी एक अनोळखी पोरगा क्लबात आला आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाला, ‘तुम्हीच ना ते पगारवाले?’

सर हसले. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, त्यांना आवडलं.

पुढच्या तासाला मी स्टँड लावला. सर बोलले, पण किती! ‘खाली मारा. पुन्हा. हं. पुन्हा.’ ना पगार, ना एक तारीख. मोबाइलची बॅटरी संपल्यावर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत नेहमीसारखे बोलायला लागले. दुसऱ्या तासालाही तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता माझा शहाणपणा ऐक. घरी आलो आणि मनातल्या मनात एक सुंदर सिद्धांत तयार केला. आपल्याकडे गुरू हातचं राखून शिकवतात. अल्लादियाखाँसाहेब एवढे थोर, आयुष्याची किती वर्षं कोल्हापुरात गेली, पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. विद्या तोंडून कानात जावी, बाजारात जाऊ नये, वगैरे. सरांनाही आपलं गुपित फुटल्याचं वाईट वाटलं असणार. मग मी कायदाही वाचला, कारण वकिलाच्या घरात वाढलोय. १९५७चा कॉपीराइट कायदा. त्यात ‘परफॉर्मर’ कोण कोण याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, चक्क गारुडी, आणि व्याख्यान देणारा माणूस. पूल शिकवणारे मार्कर व्याख्यान देतात की नाही यावर दोन वकील आठवडाभर भांडतील. पण गारुडी बसतो तिथे आमचे सर बसायला हरकत नसावी. अशा माणसाच्या परवानगीशिवाय त्याची कला मुद्रित करून लोकांपर्यंत पोचवता येत नाही, हे कलम ३८ आणि ३८ए. आणि कलम ३९ म्हणतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी मुद्रण केलं तर हक्कभंग होत नाही. म्हणजे माझं कोपर बघायला मी काढलं तिथवर मी कायद्यातही ठीक होतो. लिंक दिली तिथे गाडी रुळावरून घसरली.

पुढच्या शनिवारी लवकर गेलो आणि सगळं बोललो. माफी मागितली, व्हिडिओ काढून टाकल्याचं सांगितलं, आणि वर तो गुपिताचा सिद्धांतही ऐकवला. सरांनी खडूचा तुकडा क्यूच्या टोकावर फिरवत शांतपणे ऐकून घेतलं.

‘साहेब, स्टनचं काय गुपित? ते सगळीकडे आहे. खुशाल दाखवा.’

मग? तर सरांना सकाळी सात ते नऊ टेबल मिळतं ते क्लबातल्या एका जुन्या माणसाच्या शब्दावर. कागद नाही, पावती नाही. त्या वेळेत बाहेरचे विद्यार्थी येतात हे कमिटीतल्या चौघांना माहीत आहे आणि बाकीच्यांना माहीत व्हायला नको आहे. माझ्या व्हिडिओत मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. सात पंचवीस. आणि क्लबाचं नाव लिहिलेला स्कोअरबोर्डही. शिवाय तिसाव्या मिनिटाच्या सुमारास सर एका जुन्या विद्यार्थ्याबद्दल बोलले होते, की हात देवाने दिला पण डोकं द्यायचं राहिलं. तो आता मोठा खेळाडू आहे आणि दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला येतो.

मन्या, मी तो व्हिडिओ किमान दहा वेळा पाहिला होता. माझ्या कोपरापलीकडे मला काहीही दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘सर, मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं होतं.’ ते म्हणाले, ‘चाळीस वर्षं मेंबरना नाही म्हटलं नाही, साहेब. आता कुठून जमणार?’

हे मला लागलं. ‘काढा की’ ही परवानगी नव्हतीच. तो मार्करचा शब्द होता, ‘चेंडू लावा’ म्हटल्यावर ‘लावतो की’ म्हणावं तसा. मी तासाचे पैसे देतो, त्यांना साहेब म्हणून दिसतो, आणि हातात मोबाइल धरून विचारतो. याला विचारणं म्हणत नाहीत. आणि गंमत बघ, त्या दिवशीही माझ्या तोंडून निघालं, ‘मग आता पुढे काढलं तर हरकत नाही ना?’ ‘हरकत नाही ना’ या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे.

मग दुसरा मार्ग काढला. चारही तासांचे व्हिडिओ त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर घालून दिले आणि सांगितलं, सावकाश बघा, जे नको ते लिहून ठेवा, सगळंच नको असेल तर एक रेघ मारा. कॅनडातल्या माझ्या मित्राला हवे आहेत, त्याच्याशिवाय कोणाला नाही. उत्तर मला तोंडावर द्यायचं नाही, चिठ्ठी द्यायची.

बारा दिवस लागले. तू याच काळात तीन वेळा ‘काय झालं’ विचारलंस. मग स्कोअरच्या कागदामागे मिनिटं-सेकंद घालून यादी आली. घड्याळ कापा. विद्यार्थ्याचं कापा. एके ठिकाणी त्यांनी मला ‘गाढव’ म्हटलंय, तेही कापा, असं होतं. ते मात्र मी भांडून ठेवून घेतलंय, कारण गाढव मी आहे आणि माझी परवानगी आहे. तिसऱ्या तासात ते स्वतः एक सोपा चेंडू चुकतात. मला वाटलं तो कापायला सांगतील. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘राहू दे. डोकं उचललं म्हणून चुकलो. त्यांना दाखवा.’

एक माणूस मी विसरलोच होतो. मागच्या टेबलावर एक मुलगी सराव करत असते, नववीतली. चारपैकी दोन तासांत ती अख्खी दिसते. तिच्या आईला विचारलं. ‘नको,’ म्हणाल्या. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. त्यामुळे त्या दोन तासांत चौकट आत ओढली आहे आणि डावीकडचं कुशन, म्हणजे टेबलाची रबरी कड, दिसत नाही. कुशनला आपटून चेंडू घालायचा, म्हणजे बँक शॉटचा, भाग त्यात गेला. तो मी तुला वेगळा लिहून पाठवीन, चित्र काढून.

तू फोनवर त्या विक्रमाचा दाखला दिलास तो माझ्या डोक्यात राहिला. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला पूलमध्ये न चुकता सलग ५२६ चेंडू घातले, त्याचं चित्रण नाही, प्रेक्षकांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र आहे; आणि २०१९ साली जॉन श्मिटने ६२६ घातले तेव्हा व्हिडिओ असूनही तो लगेच सगळ्यांना बघायला मिळाला नाही म्हणून लोक भडकले. बरोबरच भडकले. जगातला सगळ्यात मोठा आकडा माझा असं म्हणायचं असेल तर जगाला बघू द्यावं लागतं. पण सकाळी सात पंचवीसला सर मला पगाराचं गणित सांगतात तेव्हा ते जगापुढे कसलाही दावा करत नसतात. तुझं दुसरं म्हणणं, की असं दडवून विद्या बुडते, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ला कोलकात्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, १९९६ला द्रोणाचार्य मिळाला. ते टेबलाशी उभे राहून पोरांना नेमकं काय सांगत असतील, ते ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाट्टेल ते देईन. सरांना हे म्हटलं तर म्हणाले, ‘मग कोणीतरी त्यांना विचारायला हवं होतं.’

तर आता कामाचं. लिंक ‘प्रायव्हेट’ केली आहे, म्हणजे ज्या ई-मेलला मी परवानगी देईन त्यालाच उघडेल, पुढे पाठवून उपयोग नाही. तुझा चालू पत्ता कळव, तो कॉलेजातला विनोदी नको. तुमच्या लीगच्या लोकांना दाखवायचं असेल तर तुझ्या घरी बोलावून दाखव, एवढं सरांनी मान्य केलंय. शब्द त्यांचा, ‘चहाबरोबर’. उद्या त्यांनी नको म्हटलं तर मी काढून टाकणार आणि तू कुरकुरायचं नाहीस. उतरवून ठेवू नकोस असं मी सांगतोय. ते तपासायला मी काही टोरांटोला येणार नाही.

आणि तुझा स्ट्रोक समोरून काढून पाठव, बाटलीच्या तोंडातून क्यू घालायचा सराव करतोस तोही. सरांना बघायचाय. मला विचारत होते, ‘तुमच्या मित्राचा व्हिडिओ मी मागच्या टेबलावरच्या त्या मुलीला दाखवला तर चालेल का? त्यांना विचारून सांगा. आणि साहेब, नाही म्हणाले तरी चालेल, असंही सांगा.’

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की कळव. मी जाऊन बसेन दवाखान्यात.

तुझा,
नंद्या