शाळेला निघण्याआधी वाच

सोन्या,

काल गाडीत मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. तुझे दोन मित्र मागे बसलेले असताना तर नकोच. मी चिडले की इंग्रजीत बोलते आणि इंग्रजीत बोलले की जास्तच तोडून बोलते, म्हणून हे मराठीत लिहितेय, अक्षरं सुटी सुटी काढून. सहा वर्षं मराठी शाळेत गेलास, वाचता येईल. अडलं तर आजीला फोन लाव. फक्त मनगटाचं तिला वाचून दाखवू नकोस, ती रात्रभर झोपणार नाही.

मनगटाचं काही लिहायचंच नाही असं ठरवून बसले होते. आधी दुसरं सांगते.

गेल्या गुरुवारी पालकांना तुमच्या ‘ब्रिंग इट ऑन’ची, त्या चिअरलीडिंगच्या संगीत नाटकाची, तालीम बघू दिली तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. नव्व्याण्णव खुर्च्यांचं नाट्यगृह, शेवटची रांग म्हणजे तरी किती लांब. तुमचा प्रेप, म्हणजे मुलीला खांद्याच्या उंचीवर उभी धरायचा स्टंट, वर गेला तेव्हा बाकीची मुलं प्रेक्षकांकडे बघून हसत होती आणि तू त्या मुलीच्या कमरेकडे बघत होतास. बेसने, म्हणजे खालून उचलणाऱ्याने, तिकडेच बघायचं असतं. कंबर जिकडे झुकते तिकडे दोन आकड्यांनंतर सगळं अंग जातं, आणि तोपर्यंत पावलं हलवली नाहीत तर उशीर होतो. तुझा एक हात तिच्या टाचेखाली, दुसरा चवड्याखाली, कोपरं अंगालगत, आणि वजन उचललंस ते गुडघ्यातून. पाठ सरळ होती. हे मी तुला शिकवलेलं नाही, तुझं तू शिकलास. मला किती बरं वाटलं ते गुरुवारीच सांगायला हवं होतं. तेव्हा मी फक्त ‘जेवलास का’ विचारलं.

आत्या फोनवर म्हणाली ना, चिअरलीडिंग म्हणजे मुलींचं काम, ते मनावर घेऊ नकोस. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात उठून लोकांकडून घोषणा म्हणवून घेणारा जॉनी कॅम्पबेल मुलगाच होता, आणि पुढची पंचवीस वर्षं हे काम मुलांचंच होतं. १९२३ मध्ये त्याच विद्यापीठात मुली आल्या. आत्याला हे मी सांगेन, तू वाद घालू नकोस.

पण तू रोज रात्री मूळ प्रयोगाचे व्हिडिओ बघतोस त्याबद्दल थोडं बोलायचंय. ‘ब्रिंग इट ऑन’ २०१२ मध्ये ब्रॉडवेवर सेंट जेम्स थिएटरला लागलं तेव्हा त्या संचात खरोखरच्या स्पर्धांमध्ये उतरलेली चिअरलीडर मुलं-मुली होती. वर्षानुवर्षं रोज उचलणारी. तुम्हाला आठ आठवडे मिळाले, तेही शाळा, गृहपाठ आणि गाणी सांभाळून. त्यांची स्पर्धेची जमीन ५४ फूट बाय ४२ फूट, खाली स्प्रिंगा. तुमचं स्टेज २८ बाय १८, प्लायवूडवर काळा रंग. इथल्या शाळांच्या नियमांतसुद्धा कडक जमिनीवर बास्केट टॉस, म्हणजे मुलीला हवेत उंच फेकून झेलणं, चालत नाही, मॅट किंवा गवत लागतं. म्हणून तुमच्या कोरिओग्राफरने टॉस काढून टाकला तेव्हा तू नाराज झालास, पण तिचं बरोबर होतं.

डोक्यावर हात ताणून उचलायचं एक्स्टेंशन काढलं तेही बरोबरच. हिशेब कर. प्रेपमध्ये तुझे तळवे खांद्याशी, म्हणजे जमिनीपासून पाच फूट. ती मुलगी पाच फूट दोन इंच, त्यावर वर केलेले हात दीड फूट. जवळजवळ पावणेबारा फूट झाले. दिवे टांगायची नळी चौदा फुटांवर आहे आणि दिवा नळीखाली फूट-दीड फूट लोंबतो. प्रेप जेमतेम बसतो. हात पूर्ण वर ताणून एक्स्टेंशन केलंत तर तळवे सात फुटांवर जातात आणि तिचे हात थेट गरम दिव्यावर. मोजून ठरवणारी माणसं तुमच्याकडे आहेत याचं मला समाधान आहे.

गुरुवारपासून टेक आहे, म्हणजे दिवे, बँड, कपडे सगळ्यांसह तालीम. तेव्हा काय काय बिघडतं ते आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी कुणालाच ऐकायला वेळ नसतो. तालमीत रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर उचलता, आठाचा ताल पक्का असतो. बँड आला की ताल सरकतो, आणि पहिल्या रात्री ड्रमवाला हमखास पळतो. दोन्ही बेस एकाच आकड्यावर बसले नाहीत तर तिचं एक पाऊल आधी वर जातं. समोरचा दिवा तिच्या डोळ्यांत गेला तर तिला खालचं काही दिसत नाही, मग ती मान खाली घालते आणि पुढे येते. धुराचं यंत्र चालवलं की फरशीवर ओलसर थर बसतो. मेकअपच्या खोलीतला केसांचा स्प्रे बुटांच्या तळाला लागून स्टेजवर येतो, तोही निसरडा. चुण्यांच्या स्कर्टखाली चकचकीत टाइट्स घातल्या की पोटरी हातातून सुटते, म्हणून कपडे आले की त्याच कपड्यांत उचलून बघायचं. आणि माइकचा डबा. तो कमरेला मागे लावला तर क्रेडलमध्ये, म्हणजे वरून येणाऱ्या तिला हातांच्या पाळण्यात झेलताना, तुमच्या हातांवर आपटतो आणि तिच्या मणक्यातही रुततो. मांडीच्या पट्ट्याला हलवायला सांगा. काळोख करायचा तर तिचे दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरच, हे लाइटच्या माणसाच्या वहीत लिहिलेलं हवं.

उचलताना गाऊ नका हेसुद्धा. वजन घेताना माणूस आपोआप श्वास कोंडतो, सूर तुटतो, आणि सूर सांभाळायला गेलं की वजन सुटतं. त्या चार मात्रा बाजूच्या मुलांना देऊन टाका.

हे सगळं लिहिलं, कारण मला मनगटाचं लिहायचं नव्हतं.

शनिवारी ती पुढे आली, तू तिला घेतलंस आणि स्वतः मागे पडलास, उजवा तळवा टेकून. हे मला तुझ्याकडून कळलं नाही. काल तालमीनंतर पाण्याची बाटली उघडताना तू ती डाव्या हातात घेतलीस, तेव्हा कळलं. सिग्नलला थांबलो तेव्हा मी तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि तू हात झटकलास. आणि म्हणालास, ‘दुखत नाही.’

आत्ता अंगठा वर ताणून बघ. मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड आहे. ताणलेल्या हातावर पडलं की मनगटातल्या छोट्या हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा मोडणारं हाड हेच, आणि तुझ्या वयाच्या मुलांचं विशेष. सूज थोडीच येते, बोटं हलतात, म्हणून मुरगळलं असं वाटतं. पहिल्या एक्स-रेत भेग दिसेलच असं नाही. खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे साफ असला तरी अंगठ्यासकट स्प्लिंट घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढतात, किंवा सरळ एमआरआय करतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने शिरतं आणि उलटं मागे जातं. मध्ये भेग पडली की मागच्या तुकड्याला रक्त कमी पडतं. वेळेवर बांधलं तर साधारण दोन-तीन महिन्यांत जुळतं. तसंच वापरत राहिलं तर जुळत नाही, आणि पुढे मनगट झिजतं. क्लिनिकमध्ये चाळिशीतली माणसं येतात, चहाचं पातेलं उचलता येत नाही, आणि विचारलं की सांगतात, कॉलेजात असताना एकदा पडलो होतो.

बघ, लेक्चर सुरू झालं. ताईच्या गुडघ्याच्या वेळीही मी हेच केलं आणि ती मला काही सांगेनाशी झाली. माफ कर. माझ्यातली फिजिओथेरपिस्ट गप्प बसत नाही.

तू तसा लहानपणापासूनच. गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाची पालखी होती, तू नऊ वर्षांचा होतास. दांड्याचं कुसळ खांद्यात घुसलं आणि तू पार्किंगला वळसा पूर्ण होईपर्यंत खांदा बदलला नाहीस. रात्री अंघोळीला शर्ट निघेना तेव्हा कळलं. आजीने सुई तापवून कुसळ काढलं, अर्धा इंच लांब. तू ओरडला नाहीस, दात दाबून तिच्या बांगड्या मोजत होतास. तेव्हा सगळे म्हणाले, काय शूर आहे. मीही म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं असं आता वाटतं.

कारण पालखी पडली असती तर पालखी पडली असती. इथे वर माणूस आहे. तिची आई त्या गुरुवारी माझ्या शेजारीच बसली होती. प्रेप वर जाताना तिने माझा हात धरला, ओळख नसताना.

मामा हंडीत तळाला उभा राहायचा, तुला माहीत आहे. तळाच्या थरात एक गडी ढिला पडला तर शेजारचे दहा दाबून धरतात. तुमच्याकडे तळाला दोघंच आणि मागे एक. तुझा तळवा तिच्या चवड्याखाली उताणा, मनगट पूर्ण मागे वाकलेलं, आणि भार नेमका अंगठ्याच्या बाजूने खाली उतरतो. म्हणजे त्या खळग्यावर. उभी असताना भार तिघांत वाटला जातो, पण क्रेडलमध्ये ती वरून येते तेव्हा हातांवर तिच्या वजनाहून कितीतरी जास्त आदळतं. त्या क्षणी कळ आली तर हात आपोआप मागे जातो. त्यात धैर्याचा प्रश्न नाही, मज्जातंतू तुला विचारत नाही. बॅक स्पॉट, म्हणजे मागे उभा असलेला, काखेत हात घालून डोकं वाचवेल, पण त्यालाही तुझी बाजू रिकामी आहे हे आधी माहीत हवं ना. प्रयोगाआधी अर्धा तास सगळे स्टंट सावकाश करून बघता, तेव्हा विचारतात, कुणाला काही दुखतंय का. तिथे तू ‘नाही’ म्हणशील, आणि ते तुझ्या शब्दावर तिला वर पाठवतील. मला भीती आहे ती याची. हाडापेक्षा याची.

मी तुमच्या दिग्दर्शिकेला फोन केलेला नाही. काल म्हणाले होते करेन, पण केला नाही. तू सांगावंस असं वाटतं. पण आजच सांग. मंगळवार आणि बुधवार, दोन साध्या तालमी उरल्यात, दिवे नाहीत, कपडे नाहीत, मॅट अंथरता येते. तुझ्या जागी दुसऱ्याला घ्यायचं तर त्याने आधी मॅटवर, कडेला दोन जादा माणसं उभी करून उचलायला हवं, मग ट्रॅकवर, मग गाण्यात. नाहीतर तो स्टंट मांडीवरच्या उभीवर आणता येईल. त्यात बेस वाकून मांडी देतो आणि गुडघ्यामागे हाताचा वेढा घालतो, मनगटावर काही येत नाही. पण तेही दुसऱ्याने करायचं, तू नाही. गुरुवारी सांगितलंस तर कुणाला काही बदलता येणार नाही, आणि तेव्हा सगळे म्हणतील, चालवून घे. चालवून घ्यायची गोष्ट नाही ही. तुझं गाणं आहे, दुसऱ्या अंकातला संवाद आहे, फलक घेऊन येणं आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण कार्टव्हील मारू नकोस, आणि उड्यांचं डॉक्टर सांगतील तसं.

तीन पंचेचाळीसला शाळेच्या मागच्या दाराशी बाबा येतील, सव्वाचारची वेळ घेतली आहे. तिथून सहाच्या तालमीला ते सोडतील. त्यांना मी एवढंच सांगितलंय की हात दाखवायचाय, उगीच त्यांना काळजी नको. तोपर्यंत दप्तर उजव्या हाताने उचलू नकोस.

तिकिटं चार काढलीत, शुक्रवार आणि रविवार दोन्ही. तू वर उचललंस किंवा नाही उचललंस, आम्ही येणारच आहोत.

स्प्लिंट डायनिंग टेबलावर आहे, क्लिनिकमधून आणलंय, अंगठा आत जातो तो भाग तुझ्या मापाला वाकवलाय. पट्टे फार आवळू नकोस. डब्यात थालीपीठ आहे, तुकडे करून ठेवलेत, डाव्या हाताने खाता येतील.

आई