छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये सामान लावण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नव्या गाडीचा आराखडा आणि तुमची सामानाची यादी, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. यादी व्यवस्थित आहे, फक्त ती जुन्या गाडीची आहे. साडेसात मीटरवरून साडेपाचवर येताना वाटतं, जागा पावभरच तर कमी झाली. पण ड्रायव्हरची केबिन काही आकसत नाही. कमी झालेले दोन मीटर सगळेच्या सगळे राहत्या भागातून जातात. पुढच्या सीटांच्या मागे पाच मीटर होते, तिथे आता तीनच्या आसपास उरतील. गादी, ओटा, फ्रीज, टॉयलेट यांना फारसं कापता येत नाही, म्हणून सगळी कपात येते ती कप्प्यांवर.

अशा वेळी लोक कोंबायला लागतात. तुम्ही तसं करू नका. प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारा: ही हातात यायला आधी दुसऱ्या किती वस्तू हलवाव्या लागतील? रोजच्या वस्तूसाठी उत्तर शून्य हवं. दोन-चार दिवसांनी लागणारीसाठी एक चालेल. महिन्यातून एकदा लागणारीसाठी तीनही चालतील. छोट्या गाडीत कंटाळा येतो तो या उचल-ठेवीचा, आणि गुडघे नि कंबर दुखणार तीही त्यानेच.

बाबा, आधी वजनाचं बघू, कारण जागा शिल्लक दिसते तेव्हाही वजन संपलेलं असू शकतं. गाडीवरच्या पट्टीवर एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या एक्सलची, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्याची, कमाल वजनं लिहिलेली असतात. एकूण कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की सामानासाठी किती उरलं ते कळतं. मात्र त्या 'रिकाम्या' वजनात चालक आणि इंधन धरलंय का, हे कागदावर वाचा. काही ठिकाणी चालकाचे 75 किलो आधीच धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात. नंतर बसवलेली सावलीची कापडी छत्री, सोलर पॅनेल, सायकल-रॅक यांचं वजन त्यात बहुतेक वेळा नसतंच. पाण्याचा हिशोब सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो. 70 लिटरची टाकी तुडुंब भरून निघालात तर एक माणूस जास्तीचा घेतल्यासारखं आहे. प्रवासात 20-25 लिटर पुरतं, उरलेलं मुक्कामाला पोचल्यावर भरा.

मागच्या दारापाशी जड सामान ठेवायचा मोह होईल, कारण तिथे पोचायला सोपं. पण मागच्या एक्सलच्या पलीकडचं वजन तरफेसारखं काम करतं. दोन्ही एक्सलमधलं अंतर 3.45 मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या 1 मीटर मागे तुम्ही 50 किलो ठेवलेत असं धरा. मागच्या एक्सलवर 50 नव्हे तर साडेचौसष्ट किलो पडतात, आणि पुढच्या एक्सलवरचे साडेचौदा किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. म्हणून अवजारं, पाणी, डबाबंद पदार्थ, बॅटरी हे सगळं खाली, जमिनीलगत आणि दोन एक्सलच्या मधे. वरच्या कप्प्यांत फक्त कपडे, टॉवेल, कागदी रुमाल असलं हलकं सामान.

मोजमाप आराखड्यावरून घेऊ नका. व्हॅनच्या भिंती वर जाताना आत कलतात, त्यामुळे रुंदी तीन उंचींवर मोजा: जमिनीशी, कमरेशी आणि खांद्याशी. चाकांवरचे उंचवटे वेगळे मोजा. मग अंगणात किंवा मोठ्या खोलीत फरशीवर चिकटपट्टीने गाडीची आतली रेघ आखा आणि पुठ्ठ्याची खोकी ठेवून कपाटं उभी करा. त्यात दोघांनी एका वेळी वावरून बघा: एकजण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला टॉयलेटकडे जाता येतं का, पलंगाखालचा कप्पा उघडला की वाट अडते का. पुठ्ठा कापायला दोन मिनिटं लागतात, बसवलेलं कपाट सरकवायला दोन दिवस.

आता ड्रॉवर. आई, तुला पलंगाखाली चार ड्रॉवर हवे आहेत. एक किंवा दोनच करा असं मी म्हणेन. ड्रॉवर सोयीचा असतो पण जागा खातो. 450 मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंच्या चॅनेलना, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांना, प्रत्येकी 12.7 मिलिमीटर लागतात, म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी 424.6 उरली, सुताराला 424 सांगा. 12 मिलिमीटर प्लायच्या दोन बाजू वजा केल्या की आत 400 राहतात. तळ, वरची फट आणि मागची मोकळीक यांत आणखी जातं ते वेगळंच. ड्रॉवर दोन-तीन मिलिमीटर रुंद झाला तर अडकतो, अरुंद झाला तर चॅनेल नीट धरत नाही आणि भार पडल्यावर त्याच्या आतल्या लोखंडी गोळ्या निसटतात. तरीही खोल जागेसाठी तो हवाच, नाहीतर मागचं काढायला गुडघ्यावर बसून हात घालावा लागेल. पूर्ण बाहेर येणारी आणि शेवटी कुलूपबंद होणारी चॅनेलच घ्या. साधी चॅनेल वळणावर उघडतात, उतारावर गाडी उभी केली तरी उघडतात. चुंबकाच्या कडीवर विसंबू नका, दाबून लॉक होणारं बटण लावा.

बाकीच्या कप्प्यांसाठी उघडी खोकी पुरतात. खोकी निवडताना आकार बघा. गोल डबा चौकोनी जागेत ठेवला की साडेएकवीस टक्के जागा कोपऱ्यांत वाया जाते. हे निव्वळ भूमितीचं गणित आहे, डबा कितीही चांगला असो. तळाशी निमुळती होणारी खोकीही तशीच फसवतात. वर 40 बाय 30 सेंटिमीटर आणि तळाशी 35 बाय 25 असलेलं खोकं सरळ बाजूंच्या खोक्यापेक्षा सुमारे 14 टक्के कमी मावून घेतं. रिकामी असताना एकात एक बसावीत म्हणून ती निमुळती असतात, पण तुमची खोकी रिकामी असणार कधी? आई, तुझे गोल डबे घरीच राहू देत. चौकोनी घे, एकाच पायाच्या मापाचे, उंची वेगवेगळी चालेल. नाव झाकणावर लिही, कारण गाडीत बहुतेक डबे वरूनच दिसतात.

आडव्यातिडव्या, कललेल्या जागेत मात्र खोकं नको. भिंतीच्या वळणाशी आणि चाकाच्या उंचवट्याशेजारी कापडी पिशव्याच नीट बसतात. वस्तू आवरायच्या वस्तूंचा, म्हणजे कप्प्यातले कप्पे, जाळ्या, फिरते स्टँड यांचा सोस टाळा. प्रत्येकाला जाडी असते, वजन असतं, आणि भरायला सोपा कप्पा भरलाच जातो.

यादी कमी करायची एक खात्रीची रीत सांगते. जुनी गाडी विकण्याआधी एका सहलीला जाताना प्रत्येक वस्तूवर छोटं रंगीत टिकली-स्टिकर लावा आणि वापरली की काढून टाका. परत आल्यावर स्टिकर राहिलेल्या वस्तूंचे दोन ढीग करा. औषधपेटी, अग्निशामक, पाना-जॅक, टायर दुरुस्तीचं साहित्य आणि पावसाळी कपडे हे न वापरलेले बरेच, ते यायलाच हवेत. दुसऱ्या ढिगातलं बाकी सगळं घरी. 'असू दे, लागेल' या ढिगाचं वजन एकदा बाथरूमच्या काट्यावर करा: खोकं हातात धरून उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. प्रत्येक खोक्यावर त्याचं वजन लिहून ठेवा. कुठलंही खोकं आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. एक मोठं खोकं गाडीत छान बसतं, पण वाकून ते बाहेर ओढायचं तुम्हाला असतं.

भांड्यांत दोन सेंटिमीटरच्या फरकाने एकात एक बसणारा संच आणि सगळ्यांना मिळून एकच सुटा दांडा घ्या. मधे जुन्या टॉवेलचे तुकडे घाला, नाहीतर खडखडाट होतो आणि न चिकटणारा थर घासला जातो. दोन शेगड्यांचीच चूल असेल तर तिसरं मोठं भांडं लागत नाही. चिरायची फळी सिंकच्या मापाची करून घ्या, ती सिंकवर टाकली की ओटा रुंद होतो.

अंथरुणाच्या बाबतीत दोघांची मिळून एक मोठी दुलई नको, दोन सिंगल घ्या. दिवसा प्रत्येक दुलई उशीच्या मोठ्या खोळीत घातली की तिचा पाठीला टेकायला लोड होतो आणि तिला वेगळा कप्पा लागत नाही. हवा काढायच्या पिशव्यांनी आकार घटतो, वजन तेवढंच राहतं. पिसांच्या किंवा फुगीर धाग्याच्या दुलया महिनोन् महिने दाबून ठेवल्या तर त्यांचा फुगा पूर्ववत होत नाही आणि ऊब कमी होते. त्या पिशव्या सहलीपुरत्याच वापरा.

आता काही जागा, ज्या रिकाम्या दिसतात पण तुमच्या नाहीत. गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोकं असतात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खालून बाहेर जायला हवा. तिथे पिशव्या, चपला, दोर काहीही कोंबू नका. सिलिंडर उभाच आणि पट्ट्याने बांधलेला. फ्रीजच्या मागची नि बाजूची फटही मोकळी राहू द्या. ती बुजली की फ्रीज थंड करायला धडपडतो आणि बॅटरी संपवतो. हीटरच्या हवेच्या तोंडासमोर आणि इन्व्हर्टरच्या अंगावर कपडे नकोत. गादीखाली फळ्यांमधली फट भरू नका, नाहीतर ओल धरून खालून बुरशी येते. बाहेरच्या पत्र्याला टेकून कपड्यांची थप्पी लावली तरी तेच होतं. मधे दोन सेंटिमीटर हवा ठेवा.

बाबा, दोन शिशाच्या बॅटऱ्यांबद्दल. 100 अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मंच वापरावं लागतं, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे दोन मिळून उपयोगी 100, आणि वजन साधारण 50 ते 60 किलो. 100 अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास 90 देते आणि तिचं वजन 10 ते 13 किलोच्या आसपास असतं. एक अख्खा कप्पा आणि 40 किलो सुटतात. पण नुसती अदलाबदल करून चालणार नाही. जुना चार्जर तिला जुळतो का ते बघावं लागेल, इंजिनवरून चार्ज करायला मधे डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी योग्य दाबाने चार्ज करणारं यंत्र) हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ.

सुटं टॉयलेट घेणार असाल तर खालच्या टाकीचं माप बघा. 20 लिटरची भरली की 20 किलोंहून जड होते आणि ती उचलून ओतायची असते. 10-12 लिटरची घ्या, थोडी लवकर रिकामी करा.

औषधं पलंगावरून हात पोचेल अशा उंचीवर ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, तो उन्हात फार तापतो. फ्रीजमध्ये ठेवायची औषधं मागच्या थंड पत्र्याला चिकटवू नका, गोठतात. विजेरी आणि चष्मा यांना पलंगाशेजारच्या खिशात कायमची जागा द्या. पलंगापासून टॉयलेटपर्यंतच्या वाटेत रात्री काहीही ठेवायचं नाही, पायपुसणंसुद्धा नाही.

निघायच्या आधी उघड्यावर काय राहिलंय ते बघा. ताशी 50 किलोमीटरवर गाडी आपटून थांबली तर सुटी वस्तू सुमारे 10 मीटर उंचीवरून पडल्याइतक्या जोरात येते. चहाची किटली सिंकमध्ये ठेवून सिंकचं झाकण बंद करा, लॅपटॉप ड्रॉवरमध्ये. रबरी दोर ताणले जातात, जड वस्तूला त्यांचा उपयोग नाही. रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा, पट्टा वापरा आणि तो प्लायला नव्हे, गाडीच्या लोखंडी कडीला अडकवा.

खुर्च्या, छत्रीचे खांब, पाण्याचा पाइप यांचं अजून ठरत नाहीये, ते मला कळतंय. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला जाळीच्या पिशवीत पाइप राहील. खुर्च्या घेताना घडी केल्यावरची जाडी मोजा, उघडल्यावरचा आराम दुकानात बसून बघाच. मागे बाहेर रॅक लावायचा असेल तर मघाचं तरफेचं गणित पुन्हा करा, आणि दिवे नि नंबरपाटी झाकली जात नाही ना ते पाहा.

सगळं लावून झालं की गाडी वजनकाट्यावर न्या: टाकीत नेहमीइतकं पाणी, इंधन भरलेलं, तुम्ही दोघं आत बसलेले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. चिठ्ठीचा फोटो पाठवा. मागच्या एक्सलचा आकडा पट्टीवरच्या आकड्याला 50 किलोंपेक्षा जवळ गेला असेल तर पहिला काढायचा तो बाबांचा मोठा पाना-संच, आई.

तुमची,
लेक