बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमची बदली झाल्याचं परवा मैत्रिणीकडून कळलं आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. समोर उभी राहून बोलायला गेले तर रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांनी वाचावं असं मला फार वाटतं.

मी निपाणीची. अम्मी विड्या वळते, माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. आमच्या शाळेत सर्वधर्मसमभाव वर्षातून एकदाच यायचा, पंधरा ऑगस्टला. चार मुलं रांगेत उभी करायची, त्यात डोक्यावर ओढणी घेतलेली मी ठरलेली. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेलं. इतिहासात अफजलखान आला की अख्ख्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळायच्या. गुरुजी ते बघायचे आणि पुढचा परिच्छेद वाचायला घ्यायचे. एकदा तर त्यांनीच विचारलं, "तुमच्यात काय सांगतात गं त्याच्याबद्दल?" आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. चुलीचं, विड्यांच्या पानांचं, माझ्या फीचं बोलणं चालायचं. गुरुजी, तुमच्या एका शब्दाने त्या माना फळ्याकडे वळल्या असत्या. तेवढं तुमच्याकडून झालं नाही, आणि मला त्याचा राग अजून येतो.

बेळगावला आल्यावर ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, म्हणून धार्मिक सहिष्णुतेचा विषय घेतला, तेव्हा पुन्हा तीच रांग असणार असं मी धरून चालले होते. तुम्ही आम्हाला किल्ल्यात नेलंत. आधी कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने बांधलेली, साल 1204. छताचं ते दगडी कमळ बघताना सगळ्यांच्या माना दुखल्या. मग सफा मशीद, 1519 ची, आदिलशाहीतल्या असदखानाने बांधलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात मशिदीतल्या कोरीव लेखांच्या जुन्या खांबांवरून वाद पेटला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हिलाच विचारा की." झालं. सगळ्या माना वळल्या.

तुम्ही खडू ठेवलात. माझ्या बाकापाशी आलात, "जरा सरक" म्हणालात आणि शेजारी बसलात. पदराला खडूची पूड होती, ती माझ्या बाहीला लागली. आता माझ्याकडे बघायचं म्हणजे तुमच्याकडेही बघावं लागत होतं. "विचारा," तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघी बसलोय." कुणी काही विचारलं नाही. मग शांतपणे सांगितलंत, की खांब कुठून आले हा प्रश्न खरा आहे, तो टाळायचा नाही. त्यासाठी शिलालेख आहेत, गॅझेटियर आहे, ते वाचा. पाचशे वर्षांचा हिशेब एकोणीस वर्षांच्या मुलीकडे मागू नका. उरलेला तास तुम्ही त्या बाकावरूनच घेतलात. तुमच्या खांद्याला माझा खांदा लागलेला होता आणि शाळेपासून आखडलेलं काहीतरी माझ्या आत सैल होत होतं. मी मान खाली घातली होती, डोळे भरले होते, आणि तुम्ही मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाहीत. तेही माझ्या लक्षात आहे.

त्यानंतर मी हा विषय आपला म्हणून शिकले. श्रवणबेळगोळचा 1368 चा शिलालेख शिकवताना तुम्ही तो गोड करून सांगितला नाहीत. वैष्णव आपल्याला त्रास देतात अशी तक्रार घेऊन जैन विजयनगरच्या बुक्करायाकडे गेले, तिथून तो लेख सुरू होतो. राजाने जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही असं जाहीर केलं. म्हणजे आधी तक्रार ऐकून घेतली, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीला कालीच्या मूर्तीखाली बसवलेल्या शिळेवर अशोकाचा बारावा लेख सापडला, तोही तुमच्यामुळे कळला. आपल्या पंथाची थोरवी गाण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं त्यात आहे. आणि ती शिळा आपल्याच राज्यात! टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून मी रोज जाते. डिसेंबर 1924 मध्ये इथल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आलेल्या गांधीजींनी काही महिन्यांपूर्वीच दिल्लीत मौलाना मोहम्मद अलींच्या घरी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला होता, हे मला तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

सेमिनारसाठी विषय मी स्वतः मागून घेतला: निपाणीचा उरूस. दर्गा पिराने पीर दस्तगीरांचा आणि त्याच्याशी नाव जोडलेलं संत बाबामहाराज चव्हाणांचं. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण ती वर्गात सांगावीशी वाटली ती पहिल्यांदाच. मला कुणी उभं केलं नव्हतं, मी उठले होते. प्रश्नही आले, तुमच्या वर्गात यायचे तसे, खरं जाणून घेण्यासाठी.

मॅडम, भली माणसं आपल्या भागात पुष्कळ आहेत. रमजानमध्ये आमची शेजारीण काकू अम्मीच्या वाटणीचं पाणी भरून ठेवते. नाव ऐकल्यावर "खोली गेली" म्हणणाऱ्या घरमालकानंतर, काहीही न विचारता किल्ली हातात ठेवणारी आजीही याच बेळगावात भेटली. अशा माणसांच्या जिवावर आमच्यासारख्यांचे दिवस निघतात. पण भरल्या वर्गासमोर, सगळे बघत असताना आपली जागा सोडून कुणाच्या शेजारी जाऊन बसायला मोठं मन लागतं. ते तुमच्याकडे आहे.

अम्मीला सगळं सांगितलंय. तिचा निरोप आहे, यंदा उरुसाला मॅडमनी जेवायला घरी यायचंच. तुम्ही शाकाहारी आहात हेही तिला माहीत आहे. तुमच्यासाठी ती नवी भांडी काढणार आहे. तारीख ठरली की मी फोन करीन. नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी,
निपाणी